क्षेत्रकार्याच्या गाडीतील दुसरी बॅटरी व तिचे प्रवासातील चार्जिंग

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्या सर्वेक्षणाची सामग्री मुख्यत्वेकरून कागदावरच गोळा झालेली होती. बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताची स्थानिक बोलींतील रूपांतरे जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांमार्फत मागविण्यात आली, व त्या कामी शाई आणि टपाल यांहून फारसे अधिक काही लागले नाही. पुढे बोलींचा अभ्यास प्रत्यक्ष ध्वनीवरून होऊ लागला, तेव्हा अभ्यासकाला आपल्याबरोबर वीजही वाहून नेणे भाग पडले. १९३३ साली जॉन लोमॅक्स व त्यांचे पुत्र अ‍ॅलन हे अमेरिकेच्या दक्षिण भागात लोकगीतांचे मुद्रण करीत हिंडले. त्या वेळी मुद्रणयंत्राखेरीज प्रत्येकी सुमारे ७५ पौंड वजनाच्या दोन एडिसन बॅटऱ्या त्यांच्या मोटारीत होत्या. फ्रेडरिक कॅसिडी यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन प्रादेशिक इंग्रजीच्या कोशासाठी १९६५ ते १९७० या काळात १,००२ वस्त्यांतून जे क्षेत्रकार्य झाले, त्यातील अभ्यासकांच्या फिरत्या गाड्यांना ‘वर्ड वॅगन’, म्हणजे शब्दगाडी, असे नावच पडले होते.

आज ध्वनिमुद्रक यंत्र खिशात मावते व दोन पेन्सिल सेलवर कित्येक तास चालते. तेव्हा केवळ ध्वनिमुद्रणासाठी गाडीत दुसरी बॅटरी बसविण्याचे प्रयोजन उरलेले नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. दोन दिवसांच्या फेरीवर निघालेल्या एकट्या विद्यार्थ्याला सुट्या सेलची एक डबी पुरेशी होते. परंतु पाचसहा जणांची तुकडी गाडी घेऊन आठदहा दिवसांसाठी मेळघाटात कोरकूच्या अभ्यासास किंवा अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात भिलीच्या अभ्यासास जाते, तेव्हा प्रश्न निराळा होतो. चित्रमुद्रणाचे कॅमेरे असतात. दिवसभरातील सामग्रीच्या प्रती रोज रात्री दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून घ्याव्या लागतात. निवेदक समोर असतानाच ध्वनिलेखन तपासून घ्यावयाचे असल्यामुळे लॅपटॉप चालू ठेवावा लागतो. शाळेच्या भिंतीवरील प्लगमध्ये वीज कोणत्या वेळी असेल याची शाश्वती नसते. ऐंशी वर्षांची एखादी निवेदिका लग्नविधीची गीते सांगावयास ज्या संध्याकाळी बसते, ती संध्याकाळ पुन्हा मिळेलच असे नाही. ही सर्व उपकरणे गाडीच्या मूळ बॅटरीवर चालविली तर दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ लागत नाही आणि साऱ्या तुकडीला गाडी ढकलावी लागते. ज्या वाडीवर सपाट रस्ताच नाही, तेथे तोही उपाय उरत नाही.

यासाठी गाडीत दुसरी स्वतंत्र बॅटरी ठेवावी व गाडी धावत असताना ती भरून घ्यावी, ही कल्पना साहजिकच सुचते. सुतार, प्लंबर, फिरते दवाखाने, वीजदुरुस्तीच्या गाड्या या सर्वांची गरज हीच आहे. कल्पना साधी असली तरी तिची अंमलबजावणी पुष्कळदा चुकते, आणि चुकण्याचे कारण बहुधा एकच असते: तार जोडली म्हणजे बॅटरी भरली, असा समज. वस्तुतः बॅटरी भरते ती तिच्या दोन टोकांवर योग्य तितका दाब योग्य तितका वेळ राहिला तरच. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीभोवती फिरणारे आहे.

येथे शब्दांविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४९ च्या सुमारास विद्युत्‌संचय करणाऱ्या बरण्यांच्या रांगेस तोफांच्या रांगेवरून ‘बॅटरी’ म्हटले. मराठीत या शब्दाने मोटारीतील पेटी, घड्याळातील चकती आणि अंधारात मारावयाचा हातदिवा असे तिन्ही अर्थ घेतले. पाठ्यपुस्तकांतील ‘घटमाला’ हा प्रतिशब्द रचनेच्या दृष्टीने अधिक अन्वर्थक आहे, कारण बारा व्होल्टची बॅटरी ही खरोखरच सहा घटांची माळ असते. पण गॅरेजमध्ये तो कोणी उच्चारीत नाही. चार्जिंगला परिभाषाकारांनी ‘प्रभारण’ हा शब्द योजिला, तर बोलण्यात ‘भरणे’ रूढ झाले. ‘बॅटरी भरली’, ‘बॅटरी उतरली’ या प्रयोगांमागे पाण्याच्या हंड्याची प्रतिमा आहे. ती प्रतिमा निम्मी खरी आहे, आणि उरलेल्या निम्म्या भागात ती दिशाभूल करते. हंडा शेवटच्या चार बोटांपर्यंत सारख्याच वेगाने भरतो. शिशाची बॅटरी तशी भरत नाही.

शिसे व गंधकाम्ल यांची पुनःपुन्हा भरता येणारी बॅटरी गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये सिद्ध केली, आणि मोटारीत आजही बहुधा तीच असते. पूर्ण भरलेली व काही तास विसावलेली अशी बारा व्होल्टची बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते, अर्धी उतरलेली सुमारे १२.२, आणि १२ च्या खाली गेली की ती जवळजवळ रिकामी समजावी. म्हणजे भरलेली व अर्धी यांत केवळ अर्ध्या व्होल्टचे अंतर आहे. भरताना मात्र तिच्या टोकांवर सुमारे १४.४ व्होल्टचा दाब द्यावा लागतो. आरंभी ती पुष्कळ प्रवाह ओढून घेते. सुमारे चारपंचमांश भरेपर्यंत काम झपाट्याने होते. त्यानंतर दाब तोच ठेवला तरी प्रवाह आपोआप घटत जातो, आणि उरलेला पंचमांश भरण्यास कित्येक तास लागतात. प्रवाह कितीही उपलब्ध असला तरी हा शेवटचा टप्पा फारसा आखूड होत नाही, कारण पत्र्यांच्या अंतर्भागातील रासायनिक क्रियेची गतीच तेथे मर्यादा घालते. अर्धवट भरून दिवसेंदिवस तशीच ठेवलेल्या बॅटरीत शिशाच्या सल्फेटचे स्फटिक कठीण होत जातात व तिची धारणशक्ती कायमची घटते. दुसऱ्या बॅटऱ्या वर्षा-दोन वर्षांत निकामी झाल्याची तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी बहुधा हेच कारण असते. दोष मात्र बॅटरी विकणाऱ्याला दिला जातो.

मोटारीची मूळ बॅटरी आणि दुसरी बॅटरी यांचे काम भिन्न असल्याने घडणही भिन्न हवी. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला, तेव्हापासून मोटारीच्या बॅटरीचे मुख्य काम काही सेकंद शेकडो अँपिअर देणे हे झाले. त्यासाठी तिच्यात पातळ व पुष्कळ पत्रे असतात. तिला रोज अर्धी रिकामी करणे म्हणजे तिचा लवकर नाश करणे होय. दुसऱ्या बॅटरीस मंद गतीने पुष्कळ वेळ वीज द्यावयाची असते, म्हणून तिचे पत्रे जाड असावे लागतात. आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टरखाली असणारी उंच ट्यूब्युलर बॅटरी या गुणाने उत्तम आहे; तथापि ती गाडीत ठेवण्याचा मोह टाळावा. तिच्यात सुटे आम्ल असते, ते हिंदकळते, आणि भरताना तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू बंद गाडीत साठला तर एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. माणसे बसतात त्या जागी सीलबंद, काचतंतूंच्या थरात आम्ल शोषून ठेवलेली बॅटरीच योग्य.

बॅटरी किती मोठी हवी हे अंदाजाने न ठरविता हिशेबाने ठरवावे. उदाहरणार्थ, लॅपटॉप ५० वॉटचा व चार तास, म्हणजे २०० वॉट-तास, पंखा २५ वॉटचा सहा तास, १५०, कॅमेऱ्यांचे चार्जिंग ६०, दिवा ४०, डिस्क व किरकोळ ३०. एकूण ४८० वॉट-तास. त्यास बाराने भागले असता ४० अँपिअर-तास येतात. इन्व्हर्टरमधील नाश धरून ४५ म्हणावे. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवावयाची नाही असे धरल्यास शंभर अँपिअर-तासांची बॅटरी पाहिजे. या हिशेबात लॅपटॉपपेक्षा पंख्याकडे दुर्लक्ष होते, असा अनुभव सार्वत्रिक आहे.

आता भरणाऱ्या यंत्राकडे वळावयाचे. जुन्या मोटारींत डायनमो असे. क्रायस्लर कंपनीच्या १९६० च्या व्हॅलियंट मोटारीपासून अल्टरनेटर सर्रास येऊ लागला. वस्तू बदलली तरी मराठी गॅरेजांत ‘डायनमो’ हा शब्द टिकून राहिला आणि आजही अल्टरनेटरला तेच नाव ऐकू येते. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर प्रथम उलटसुलट वाहणारी वीज निर्माण करतो, डायोड तिला एका दिशेची करतात, आणि नियामक हा फिरत्या चुंबकाचा प्रवाह कमीअधिक करून दाब एका मर्यादेत राखतो. त्याच्यावर छापलेला आकडा, समजा ९० अँपिअर, हा वेगाने फिरताना मिळणारा असतो. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन मंद चालू ठेवल्यास त्यापैकी बराच कमी प्रवाह मिळतो, आणि त्यातलाही वाटा गाडीचे दिवे व पंखे घेतात. म्हणून मुक्कामी इंजिन चालू ठेवून बॅटरी भरण्याचा प्रकार डिझेलचा अपव्यय होय. शिवाय अंगणात बसलेल्या निवेदकांना धूर व आवाज सोसावा लागतो तो वेगळाच.

दोन्ही बॅटऱ्या तारेने कायमच्या जोडून टाकणे हा सर्वांत सोपा मार्ग, आणि सर्वांत वाईट. इंजिन बंद असताना दोन्ही एकमेकींच्या पातळीला येतात, आणि रात्री पंख्याने उतरते ती एकटी दुसरी बॅटरी नसते, मूळ बॅटरीही तिच्याबरोबर उतरते. ज्या आपत्तीसाठी दुसरी बॅटरी घेतली तीच आपत्ती अशा रीतीने घरी आणली जाते. मध्ये हाताने फिरवावयाचा मोठा स्विच बसविल्यास हे टळते, परंतु तो रोज रात्री आठवणीने फिरवणारा माणूस तुकडीत असावा लागतो. चालत्या इंजिनवर तो स्विच फिरविताना क्षणभर अल्टरनेटरचा बॅटरीशी संबंध तुटला तर दाब एकदम उसळून त्याचे डायोड जळतात, हा आणखी एक धोका.

विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड मध्ये घालणे हा उपाय तर्कदृष्ट्या निर्दोष वाटतो. मूळ बॅटरीची वीज दुसरीकडे जाते, परत येत नाही. विसरण्यासारखे काही उरत नाही. तथापि सिलिकॉनचा डायोड आपल्या अंगावर सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट खातो. अल्टरनेटर १४.२ देत असला तर दुसऱ्या बॅटरीला १३.५ च मिळतात. तेवढ्या दाबावर भरलेली बॅटरी भरलेली राहील. उतरलेली पूर्ण भरणार नाही.

डायोडची ही हानी आणि बारीक तारेची हानी यांत एक महत्त्वाचा फरक आहे व तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तारेचा रोध सुमारे ०.०१७५ ओहम असतो. बॉनेटपासून गाडीच्या मागील भागापर्यंत जाऊन येऊन दहा मीटर तार धरली, आणि दुकानात सहज मिळणारी सहा चौरस मिलिमीटरची घेतली, तर रोध ०.०२९ ओहम होतो. ३० अँपिअर वाहताना त्यात जवळजवळ ०.९ व्होल्ट गळतात. तीच तार २५ चौरस मिलिमीटरची घेतल्यास गळती ०.२ व्होल्टच्या आसपास येते. परंतु तारेतील ही गळती प्रवाहाच्या प्रमाणात असते. बॅटरी भरत येऊन प्रवाह ३ अँपिअरवर उतरला की बारीक तारेतही ०.१ व्होल्टपेक्षा कमीच गळते, म्हणजे शेवटी दाब योग्य तेथे पोहोचतो. फक्त वेळ फार लागतो. डायोडचा वाटा मात्र प्रवाह घटला तरी बव्हंशी तसाच राहतो. म्हणून बारीक तारेने बॅटरी सावकाश भरते, आणि डायोडने ती कधीच पुरी भरत नाही. गाडी रोज आठ तास धावत असेल तर पहिला दोष सोसता येईल. क्षेत्रकार्याची गाडी सकाळी तासभर व संध्याकाळी तासभर धावते, तेव्हा तोही सोसता येत नाही.

बारीक तारेचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. गळलेली वीज उष्णतेच्या रूपाने तारेतच राहते. तारेचे आवरण गाडीच्या पत्र्यावर घासून फाटले तर शिशाच्या बॅटरीतून हजारो अँपिअर वाहू शकतात व गाडी पेट घेते. साध्या दिव्याच्या तारेला एका टोकाशी फ्यूज पुरतो, कारण वीज एकाच टोकाकडून येते. येथे दोन्ही टोकांना बॅटरी आहे. म्हणून दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीच्या टर्मिनलपासून शक्य तितक्या जवळ, फ्यूज पाहिजे. फ्यूजचा आकडा तारेला सोसेल त्याहून मोठा असता कामा नये. एकच फ्यूज घालून काम उरकलेल्या गाड्या पुष्कळ दिसतात, आणि त्या धोकादायक आहेत असे निःसंकोच म्हटले पाहिजे.

डायोडच्या जागी रिले बसविण्याची पद्धत अनेक दशके समाधानकारक ठरली. रिले म्हणजे विजेने आपोआप चालणारा स्विच. तो किल्लीच्या तारेवरून चालविल्यास किल्ली फिरविताक्षणीच दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातात, आणि स्टार्टरला लागणारा प्रचंड प्रवाह दुसऱ्या बॅटरीकडून त्या लांब तारेतून ओढला जाऊन फ्यूज उडतो. म्हणून अल्टरनेटरच्या इशारादिव्याच्या टोकावरून रिले चालविण्याचा प्रघात पडला: अल्टरनेटर वीज देऊ लागल्यावरच जोड होतो. पुढे दाब ओळखणारे रिले आले. मूळ बॅटरीवरील दाब सुमारे १३.३ व्होल्टच्या वर गेला की ते जोडतात आणि १२.८ च्या आसपास उतरला की तोडतात. जाड तार, दोन फ्यूज आणि असा एक रिले एवढ्यावर जुनी गाडी आजही उत्तम चालते. तीत अधिक खर्चाचे उपकरण घालण्याचा आग्रह अनाठायी होय.

नव्या गाडीत मात्र हा सर्व हिशेब बिघडतो. इंधनाची बचत व धुराचे निर्बंध यांमुळे अल्टरनेटरचा दाब ठरविण्याचे काम पुष्कळ गाड्यांत इंजिनच्या संगणकाकडे गेले आहे. भारतात भारत स्टेज सहाचे निर्बंध १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, व त्यानंतरच्या गाडीत अशी व्यवस्था आहे की नाही हे विचारूनच पुढे जावे. गाडी वेग घेत असताना इंजिनवरील ओझे हलके करण्यासाठी हा संगणक दाब १२.५ च्या आसपास आणून ठेवतो. उतारावर किंवा ब्रेक लावताना तो १५ पर्यंत चढवून फुकट मिळणारी ऊर्जा बॅटरीत साठवितो. तशी जागा राहावी म्हणून मूळ बॅटरी मुद्दामच पूर्ण भरली जात नाही. गाडीच्या दृष्टीने ही योजना शहाणपणाची आहे; दुसऱ्या बॅटरीच्या दृष्टीने ती उपासमार आहे. दाब ओळखणारा रिले चढावर तुटतो, उतारावर जुळतो. इशारादिव्याच्या टोकावरचा रिले तुटत नाही. पण मग दाब उतरल्यावर दुसऱ्या बॅटरीतलीच वीज उलट गाडीकडे वाहू लागते. घाटरस्त्याने दोन तास प्रवास करून बॅटरी सकाळपेक्षाही उतरलेली सापडणे अशा गाडीत अशक्य नाही, आणि त्यात कोणतेही उपकरण बिघडलेले नसते.

यावर सध्याचा खात्रीचा उपाय म्हणजे मूळ व दुसऱ्या बॅटरीच्या मध्ये दाब बदलून देणारा चार्जर बसविणे. बाजारात त्यास ‘डीसी टू डीसी चार्जर’ म्हणतात. तो आत येणारा दाब १२ असो वा १५ असो, बाहेर बॅटरीला हवा तोच दाब देतो: प्रथम ठराविक प्रवाह, मग १४.४ च्या आसपास स्थिर दाब, आणि बॅटरी भरल्यावर १३.५ च्या सुमाराचा राखणदाब. तारेतील गळतीही तो भरून काढतो. मात्र त्याची किंमत अल्टरनेटरला मोजावी लागते. ३० अँपिअर १४.४ व्होल्टवर बाहेर द्यावयाचे म्हणजे ४३२ वॉट झाले. दहा टक्के नाश धरून ४८० वॉट आत घ्यावे लागतात. आतील दाब १२.४ असेल तर ते जवळजवळ ३९ अँपिअर होतात. तेव्हा तार व फ्यूज ३० चे नव्हे, या वाढीव प्रवाहाच्या हिशेबाने घ्यावयाचे. चार्जर दुसऱ्या बॅटरीच्या जवळ असावा, कारण त्याने मोजून दिलेला दाब पुढच्या तारेत पुन्हा गळू देण्यात अर्थ नाही. इंजिन चालू असल्याची खूण त्याला वेगळ्या तारेने द्यावी, म्हणजे गाडी उभी असताना तो मूळ बॅटरी शोषणार नाही.

नव्या गाडीत आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांभाळावी लागते. मूळ बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारी एक लहान पेटी बसविलेली असते व संगणक तिच्यावर विसंबून असतो. दुसऱ्या बॅटरीची ऋण तार थेट त्या टोकाला जोडली तर तिच्यातून जाणारा प्रवाह त्या मोजणीतून निसटतो आणि संगणकाचा हिशेब चुकतो. ती तार नेहमी गाडीच्या सांगाड्यालाच, रंग खरवडून, घट्ट बसवावी. मोठ्या बसमध्ये दोन बॅटऱ्या मुळातच असतात, पण त्या ओळीने जोडून २४ व्होल्ट केलेल्या असतात. त्यांपैकी एकीवरून बारा व्होल्ट काढून घेण्याची युक्ती दोघींनाही घातक आहे.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीचा मार्ग १९९७ साली टेक्सस विद्यापीठातील जॉन गुडइनफ यांच्या गटाने दाखविला, आणि आता ती गाड्यांतही येऊ लागली आहे. ती हलकी असते, बरीच अधिक उतरविता येते, अर्धवट भरलेली राहिल्याने बिघडत नाही आणि शेवटचा पंचमांशही चटकन भरते. तासाभराच्या प्रवासासाठी हे गुण फार मोलाचे आहेत. परंतु तिचा अंतर्गत रोध इतका अल्प असतो की थेट जोडल्यास अल्टरनेटर देईल तेवढा सर्व प्रवाह ती ओढते. मंद गतीने फिरणाऱ्या अल्टरनेटरचा स्वतःचा पंखाही मंदच फिरत असल्याने तो अशा वेळी तापून जळू शकतो. विसावलेल्या अवस्थेतही तिचा दाब १३.२ च्या आसपास राहतो; त्यामुळे १२.८ वर तुटणारा रिले इंजिन बंद झाल्यावरही बराच काळ जोडलेलाच राहतो. म्हणजे गाडी जुनी असली तरी या बॅटरीसाठी प्रवाह मर्यादित करणारा चार्जर आवश्यक ठरतो. शून्य अंशाखाली ती भरता येत नाही. महाराष्ट्रात ही अडचण नाही. लडाख वा किन्नौरकडे हिवाळ्यात जाणाऱ्या तुकडीने मात्र ती ध्यानात ठेवावी.

महाराष्ट्रात अडचण आहे ती उन्हाळ्याची. शिशाच्या बॅटरीस द्यावयाचा १४.४ चा दाब २५ अंश सेल्सियसला धरलेला असतो. तापमान वाढेल तसा तो दर अंशामागे सुमारे ०.०२ ते ०.०३ व्होल्टने कमी करावा लागतो. एप्रिलमध्ये विदर्भात उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीत ४५ अंश सहज होतात, आणि तेथे १३.९ व्होल्टच पुरेसे असतात. त्याहून अधिक दिल्यास सीलबंद बॅटरीतील पाणी उडून जाते व ते पुन्हा घालता येत नाही. म्हणून चार्जरबरोबर मिळणारी तापमापक तार खोक्यात न ठेवता बॅटरीला चिकटवावी.

बसविलेली व्यवस्था नीट आहे की नाही हे साध्या मल्टिमीटरने पाहता येते. इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्यांचे दाब वेगवेगळे वाचावे. ते तंतोतंत एक येत असतील तर जोड तुटलेला नाही असा संशय घ्यावा. मग इंजिन चालू करून, शक्यतो गाडी चालत असताना, दुसऱ्या बॅटरीच्या थेट टोकांवर वाचन घ्यावे. चार्जरच्या टोकांवरील वाचन आणि बॅटरीच्या टोकांवरील वाचन यांत ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा अधिक अंतर असेल तर कोठेतरी लग सैल आहे अथवा तार बारीक आहे. अर्धा तास चालल्यावर प्रत्येक जोडाजवळ हात नेऊन पाहावा. जो जोड गरम लागतो तो पुन्हा आवळावा.

हिशेबातील ४५ अँपिअर-तास शिशाच्या बॅटरीत परत घालावयाचे तर नाशासह सुमारे ५० लागतात. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तासांच्या प्रवासात ३० अँपिअरचा चार्जर त्यांतील मोठा भाग भरून काढतो, परंतु तो शेवटचा सावकाश टप्पा राहून जातोच. यावर गाडीत उपाय नाही. आठवड्यातून एकदा, तालुक्याच्या ठिकाणी मुक्काम पडेल तेव्हा, भिंतीवरील विजेवर चालणारा चार्जर लावून बॅटरी रात्रभर पूर्ण भरून घ्यावी लागते.

अभ्यासकाच्या दृष्टीने शेवटी एक बाब उरते, ती ध्वनीच्या शुद्धतेची. गावातील विजेचा ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट व त्याच्या पटीतील १००, १५० हर्ट्‌झचे स्वर मुद्रणात शिरले तर ते नेमके पुरुषाच्या आवाजाच्या मूळ वारंवारतेच्या पट्ट्यात बसतात. मराठीतील ‘घ’, ‘भ’, ‘म्ह’, ‘न्ह’ यांसारख्या घोष महाप्राणांनंतर येणाऱ्या स्वराच्या आरंभी आवाजाची पट्टी किंचित उतरते. ती मोजू पाहणाऱ्याला असा गुणगुणाट नकोसा असतो. बॅटरीची वीज या दोषापासून मुक्त आहे, आणि दुसरी बॅटरी बाळगण्याचा हा एक खरा लाभ. पण त्याच बॅटरीवर स्वस्त इन्व्हर्टर लावून त्यातून लॅपटॉप व ध्वनिमुद्रक एकत्र चालविल्यास हा लाभ नाहीसा होतो. मुद्रण चालू असेतोवर ध्वनिमुद्रक स्वतःच्या सेलवर ठेवावा, लॅपटॉपची तार काढून घ्यावी, इन्व्हर्टर व गाडीचे इंजिन बंद करावे, आणि चार्जिंगची सर्व कामे निवेदक घरी गेल्यानंतर हाती घ्यावीत.